२ सप्टेंबर १९६३, लोकसभा

आज दुपारभर संसदेच्या संकेतस्थळावर लोकसभेच्या जुन्या कामकाजाचे खंड वाचत बसलो होतो. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी १९६२ च्या चीन युद्धात नेफात (आजचा अरुणाचल प्रदेश) झालेल्या पराभवाच्या चौकशीवर केलेलं निवेदन अजून डोक्यातून जात नाही.

ही चौकशी करणाऱ्या हेंडरसन ब्रुक्स आणि प्रेम भगत या लष्करी अधिकाऱ्यांचा अहवाल त्यांच्या हातात होता. तो जाहीर करणार नाही, देशाच्या सुरक्षेला आणि सैन्याच्या मनोधैर्याला धोका आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण तेवढं बोलून ते खाली बसले नाहीत. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, कमांडची रचना, जवानांची शारीरिक क्षमता, अधिकाऱ्यांचं नेतृत्व, एकेक घेऊन कुठे कमी पडलो ते सभागृहाला सांगितलं. डोंगराळ युद्धाचं पुरेसं प्रशिक्षण नव्हतं, उंचावरच्या हवेची सवय नसलेल्या तुकड्या वर पाठवल्या गेल्या, हेही. युद्धाला वर्षही झालं नव्हतं! मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

२०१० मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनींनी याच अहवालाबद्दल संसदेत लेखी उत्तर दिलं: मजकूर संवेदनशील आहे, आजही लष्करीदृष्ट्या महत्त्वाचा आहे, खुला करता येणार नाही. म्हणजे जवळपास अर्धं शतक उलटल्यावरही तेच.

लोकसभेच्या प्रश्नोत्तराच्या तासात तारांकित प्रश्नाला मात्र मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर पूरक प्रश्न येतात. संरक्षण आणि परराष्ट्र खात्याच्या दिवशी तरी तो अकरा ते बाराचा तास गोंधळात वाया जाऊ नये, असं मनापासून वाटतं. सीमेवर ज्यांची मुलं आहेत त्या घरांना ही उत्तरं हवी असतात.