हिरा घणाखाली का फुटतो

ऐरणीवर घणाचा घाव सोसतो तोच खरा हिरा, ही समजूत आपल्या भाषेत फार खोल मुरलेली आहे. तिच्यापायी आजवर किती चांगले खडे मातीमोल झाले असतील याची गणती नाही. तुमच्या खड्याची पारख कुणी हातोडीने करू लागला तर खडा काढून घ्या. अस्सल हिरा असला तरी तो फुटणार.

कठीणपणा म्हणजे ओरखडा न पडणं. मोहस्‌ मोजपट्टीवर माणिक आणि नीलम 9 वर, हिरा 10 वर. पण 9 ते 10 हे अंतर आधीच्या कोणत्याही पायरीपेक्षा कितीतरी मोठं आहे. फुटणं ही मात्र वेगळी गोष्ट. हिऱ्यातले कार्बनचे अणू अशा रचनेत असतात की चार दिशांना त्यांच्या थरांमधली पकड तुलनेने कमी पडते. त्या दिशेने नेमका ठोका बसला की खडा लाकडासारखा चिरतो. 3,106 कॅरेटचा कलिनन हिरा 1908 साली ॲम्स्टरडॅममध्ये असाच, पोलादी पातं ठेवून त्यावर ठोका देऊन चिरला होता.

अंगठी घेताना हे उपयोगी पडतं. टोकदार घाटाचे खडे (चौकोनी प्रिन्सेस, पानासारखा मार्कीज, थेंबासारखा पेअर) टोकाशीच टवका उडून खराब होतात. म्हणून प्रत्येक टोकावर सोन्याची नखी हवीच, आणि रोज वापरायची अंगठी असेल तर चहूबाजूंनी पट्टी असलेलं कोंदण उत्तम. खड्याची कड फार पातळ असेल तर खडा बसवतानाच तिला चीर जाते. आणि दागिने एका डबीत एकत्र टाकू नका. हिऱ्यावर ओरखडा काढायला दुसरा हिरा पुरतो, मोत्यांचं आणि सोन्याचं तर विचारूच नका.

हिऱ्याचा दुसरा स्वभाव त्याहून मजेदार आहे: त्याला पाणी चिकटत नाही, चरबी चिकटते. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या खाणीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याचाच फायदा घेतला गेला. दळलेला खडक पाण्याबरोबर ग्रीस फासलेल्या उतरत्या टेबलावरून सोडायचा. दगड वाहून जातात, हिरे ग्रीसला चिकटून राहतात.

तोच हिरा बोटावर आला की साबण, क्रीम आणि पोळ्यांच्या कणकेचं तेल तितक्याच आवडीने धरतो. वरचा सपाट भाग आपण पुसतो, पण मळ बसतो खाली, कोंदणाच्या आत. आणि हिऱ्याची चमक तिथेच तयार होते. वरून शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आपटून परत वर येतो, कारण हवेशी लागून असलेल्या पैलूवर सुमारे 24 अंशांपेक्षा तिरका पडलेला किरण बाहेर निसटू शकत नाही. पैलूवर तेलाचा थर बसला की हीच मर्यादा 37 अंशांच्या आसपास जाते, बराच प्रकाश मागून गळतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. खडा बदलला असा संशय सोनारावर येतो तो बऱ्याचदा अशा वेळी.

उपाय साधा. वाटीत कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, त्यात वीस मिनिटं अंगठी. मग लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने खालच्या बाजूने घासा आणि दुसऱ्या वाटीत विसळा, बेसिनच्या नळाखाली नको. ब्लीच टाळा, क्लोरीनने सोन्यातली मिश्रणं कमजोर होऊन नख्या तुटतात. भेगांमध्ये काच भरलेला खडा असेल तर अल्ट्रासॉनिक मशीन आणि सोनाराची फुंकणी दोन्ही घातक, भरलेली काच बाहेर येते. साधा हिराही उघड्या ज्योतीत पृष्ठभागावर जळून धुरकट होतो, म्हणून डागकामाआधी त्याला बोरिक ॲसिडचा लेप देतात.

आता ओळख. तोंडाची वाफ खड्यावरून पटकन उडते का, खड्यातून वर्तमानपत्रावरची रेघ दिसते का, या घरगुती युक्त्यांवर पैसे लावू नका. सुटा क्युबिक झिरकोनिया (बाजारात अमेरिकन डायमंड म्हणतात तो) तेवढ्याच आकाराला हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड भरतो. खड्यातून उष्णता किती लवकर वाहते ते तपासणारं पेन त्याला पकडतं, पण मॉइसनाइटला (हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा कृत्रिम खडा) हिरा म्हणतं. मॉइसनाइटसाठी दहापट भिंग घ्या आणि खडा तिरका धरून बघा: मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात त्या कधीच दुहेरी दिसत नाहीत.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र खराच हिरा असतो, तोच कार्बन, तीच रचना. पेन, भिंग, वजन, काहीच त्याला वेगळं काढत नाही. फरक वाढीत आहे. नैसर्गिक हिरा 150 किलोमीटरहून खोल, कोट्यवधी वर्षं राहिलेला, त्यामुळे बहुतेकांत नायट्रोजनचे अणू हळूहळू एकत्र येऊन जोड्या-पुंजके बनलेले असतात. काही आठवड्यांत वाढलेल्या खड्याला तेवढा वेळच मिळत नाही. तपासणी यंत्रं आधी हेच पाहतात. गंमत अशी की कोहिनूरसारखे गोवळकोंड्याचे नावाजलेले हिरे जवळजवळ नायट्रोजनविरहित, टाइप टू-ए जातीचे. तसा खडा आला तर यंत्र त्यालाही ‘पुढे तपासा’ म्हणून बाजूला काढतं. त्यामुळे यंत्राने बाजूला काढलेला खडा लगेच खोटा ठरवू नका, मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा. आणि प्रमाणपत्र हातात आलं की खड्याच्या कडेवर लेसरने कोरलेला नंबर भिंगाखाली स्वतः वाचून कागदाशी जुळवा, दुकानातून निघण्याआधी.