म्हैस विकली, रक्ताला उशिरा कळलं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन आहे. तो सोमवार होता, गावचा बाजार. अशा दिवशी ट्यूबा ठेवायलाही जागा उरत नाही. त्या गर्दीत सत्तरी ओलांडलेले एक आजोबा सुनेचा हात धरून आले. गळ्यात तुळशीची माळ, पाऊल जमिनीवर आपटत चालणं. हिमोग्लोबिन ६.८.

"मामाजीले सहा महिन्यांपासून लोहाच्या गोळ्या चालू हायेत," सून म्हणाली. "काई फरक नाई. पायाले मुंग्या येतात. आता तं कोणाचं नावबी आठवत नाई त्यायले."

मशीनने एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, दाखवला ११८. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान नि फिकट होतात, आकडा ८० च्या खाली जातो. इथे उलटंच! स्लाइड रंगवून पाहिली. पेशी मोठाल्या, अंडाकृती. आणि पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाचे सहा-सहा, सात-सात तुकडे. एरवी तीन-चार दिसतात. टेबलावरचा चहा तसाच निवला.

बाहेर येऊन विचारलं, "आजोबा, जेवणात काय असतं?"

"भाकर, वरण, अंबाडीची भाजी."

"दूध?"

"म्हैस होती तवा रोज गिलासभर. इकली तिले."

"कधी?"

"चार वर्सं झाली," सून म्हणाली.

अशा मोठाल्या पेशी म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्याची खूण. भाकरी-वरणात ते नसतं. माळकऱ्याला अंडं-मटण वर्ज्य, म्हणजे दूध-दही एवढीच वाट. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून म्हैस गेली तेव्हा कुणाला काही जाणवलं नाही. त्यात म्हातारपणी पोटातलं आम्ल कमी होतं, अन्नातलं बी-१२ नीट सुटत नाही. घरचे मात्र वयावर ढकलून मोकळे.

डॉक्टरांना स्लाइड दाखवली. नमुना जिल्ह्याला पाठवला आणि त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू झाली. रिपोर्ट नंतर आला : बी-१२ ९६. किमान २०० तरी हवं.

पाच आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.९. आजोबा रांगेत उभ्याउभ्या कापसाचा भाव सांगत होते, मला नावानं हाक मारली. मुंग्या अजून होत्याच. नसा सावकाश सुधारतात, कधी पुरत्या सुधारतही नाहीत.

"आता म्हैस घ्या परत," मी म्हणालो.

"ढेपीचा भाव मालूम हाय का, भाऊ? तिच्यापक्षा तुमची सुई सस्ती."