पॉवर म्हणजे एमएसईबी का?

2009 साली कोथरूडमधल्या एका कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीच्या काकांनी मला विचारलं, "कशावर काम करता?" मी म्हणालो, "एएस फोर हंड्रेडवर." म्हणजे कंपन्यांचा कारभार चालवणारा आयबीएमचा कॉम्प्युटर. काकांना लागून मुलीचा मावसभाऊ बसला होता, तो जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करणारा, जावावाला. "अजून चालतं का ते?" तो म्हणाला. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची चौकशी करावी, त्या स्वरात. त्यानंतर पोह्यांतले शेंगदाणे मोजण्यापलीकडे मला काही काम उरलं नाही.

मित्राने झापलं. "ते नाव सांगतोसच कशाला? कधीच बदललंय ते." खरंच बदललं होतं, तेही अनेकदा. आयबीएमने जून 1988 मध्ये जाहीर केलेलं हे मशीन 2000 साली आयसिरीज झालं, 2006 मध्ये सिस्टिम आय झालं, आणि 2008 पासून मशीनला पॉवर सिस्टिम्स आणि त्यावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला आयबीएम आय म्हणू लागले. पुढच्या स्थळाकडे मी ऐटीत सांगितलं, "आयबीएम पॉवरवर काम करतो." मुलीच्या वडिलांचा चेहरा उजळला. "पॉवर? म्हणजे एमएसईबीत का?"

एमएसईबीचं महावितरण होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, ही गोष्ट वेगळी.

तिसऱ्या ठिकाणी मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच म्हणालो. लग्न जमलं.

दोष खरा त्या नावाच्या ठेवणीचा. एएस म्हणजे ॲप्लिकेशन सिस्टिम, मग एक तिरकी रेघ, मग चारशे. मंत्रालयातल्या पत्राचा जावक क्रमांक वाटावा! आयबीएमच्या घरात ही रेघ 1964 च्या सिस्टिम/360 पासून आडनावासारखी चालत आलेली. तेव्हा ती रुबाबदार वाटत असणार. आता ती दिसली की पंचकार्डं, टेप आणि गार एसीची खोली डोळ्यांपुढे येते. त्यात आमचा पडदा काळा आणि अक्षरं हिरवी. नवा मुलगा मागून डोकावला, की हमखास विचारतो, "सर, हे डॉस आहे का?"

गंमत अशी, की लिनक्स (हीसुद्धा ऑपरेटिंग सिस्टिमच) 1991 चं. म्हणजे आमच्या मशीनपेक्षा तीनच वर्षांनी धाकटं. ज्याच्या वळणावर ते गेलं त्या युनिक्सचा जन्म तर 1969 चा. पण लिनक्सवाल्याला कोणी "अजून चालतं का ते?" असं विचारत नाही. नावात आकडा नाही, सोबत बोधचिन्हाचा पेंग्विन आहे, झाले चिरतरुण.

मावसभावाची जावा आली 1995 साली, 'एकदा लिहा, कुठेही चालवा' अशी दवंडी पिटत. त्याच वर्षी आमच्या मशीनने आतला अख्खा प्रोसेसर बदलला, 48 बिटांवरून 64 बिटांवर उडी मारली, आणि लोकांचे जुने प्रोग्रॅम पुन्हा कंपाईल न करता नव्या प्रोसेसरवर चालू लागले. कारण प्रोग्रॅम मुळात कुठल्याच प्रोसेसरच्या भाषेत ठेवलेला नसतो. तो मधल्याच एका भाषेत असतो, आणि समोरच्या प्रोसेसरला समजेल असं भाषांतर सिस्टिम स्वतः करून घेते. घर बदलावं आणि नव्या स्वयंपाकघरात डबे आपले आपण फळीवर चढून बसावेत, तसं. हे त्या दिवशी पोहे खाताना सुचलं असतं तर!

नावातच 'नवं' घातलं, तर ते टिकतं का? पुण्यात शिवाजी पुलाला अजूनही नवा पूल म्हणणारे आहेत. तो 1923 चा. न्यू इंग्लिश स्कूल 1880 पासून न्यू आहे. मायक्रोसॉफ्टने 1993 मध्ये विंडोज एनटी आणलं आणि एनटी म्हणजे न्यू टेक्नॉलॉजी असं सांगितलं. आज एनटी म्हटलं की एखाद्या पतपेढीच्या कोपऱ्यातला धुळकट सर्व्हर आठवतो. विंडोज 95 ने तर जन्मसालच कपाळावर गोंदवून घेतलं.

आमचं नाव त्यामानाने आटोपशीर झालं. नुसतं 'आय'. इतकं आटोपशीर, की नोकरी शोधताना ते टाकलं तर हाती काहीच लागत नाही. एका अक्षराने काय सापडणार? म्हणून आम्ही सगळे मुकाट्याने कंसात एएस/400 लिहितो. साताऱ्याकडची आमची आत्या म्हणाली होती, "आय म्हंजी तर आई की रं." तेही खोटं नाही. पोसलंय तिनंच. आय तिच्यामुळे, आयकरही.

मागच्या वर्षी आमच्या टीममध्ये एक पोरगा आला. त्याला मी हाच काळा पडदा दिला, हीच हिरवी अक्षरं दिली, आणि बाहेर पडायला मेन्यूत 90 दाबायचं, हेही शिकवलं. तो बसतो पुण्यात, मशीन असतं कुठल्यातरी दूरच्या डेटा सेंटरमध्ये, भाड्याने घेतलेलं. म्हणून त्याने बायोडेटावर लिहिलंय, 'पॉवर क्लाउड इंजिनिअर'. त्यात खोटं काहीच नाही, मी दोनदा वाचून बघितलं.

परवा पेढे घेऊन आला. पहिल्याच कांदेपोह्यांत जमलं म्हणे.