पुसलेला पाच

काल संध्याकाळी फळ्यावरचा पाच पुसला गेला. सिस्टरनी बोटानंच पुसला आणि त्या जागी शून्य काढलं. चिऊ आमची कमी दिवसांची मुलगी, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. श्वास न थांबता, ठोके न पडता सलग सात दिवस झाले असते की घरी. आता पुन्हा एकपासून.

झालं काय, तर काहीच नाही म्हणावं इतकं. चिऊ छातीवर होती, पोट भरलेलं, गाढ झोपलेली. मॉनिटर वाजला. ठोके १५० वरून घसरत ६८ वर आले. मी पाठ चोळली. ठोके वर आले. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. ती जागीसुद्धा झाली नाही.

मग डॉक्टरांनी विचारलं, "पिताना की झोपेत?" झोपेत. "रंग बदलला?" दिसला नाही, डोकं माझ्या हनुवटीखाली होतं. "आपोआप सावरली, की हात लावावा लागला?"

मी म्हणाले, "हात लावला."

त्यांनी विचारलं होतं लावावा लागला का. मी सांगितलं, लावला. या दोन शब्दांमधलं अंतर मी रात्रभर मोजत बसले. आपोआप सावरली असती तर बहुतेक पाचाचे सहा झाले असते. हात लागला म्हणजे मोजणी पहिल्यापासून. पण मी थांबले असते तर सावरली असती का, हे आता कुणालाच कळणार नाही. मलाही नाही, मॉनिटरच्या कागदालाही नाही. हात आधी गेला.

४९ दिवस झाले. २९ आठवड्यांची आली तेव्हा ११५० ग्रॅम होती. आज दोन किलोच्या वर आहे. किती वेळा हात धुतले असतील या दारात, कातडं सोलून निघालंय. तीन नंबरच्या बाळाची आई आमच्यानंतर आली आणि आमच्याआधी गेली. जाताना तिनं माझा हात दाबला, मी हसले, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. माझ्याच वाट्याला का, हे अजून एकदा लिहायचं नव्हतं. लिहिलं.

ह्याला फोन केला तेव्हा तो गप्पच झाला. घरी पलंगाशेजारी जागा करून ठेवली होती त्यानं. तेही राहू दे.

खरी गोष्ट अशी की सिस्टरनी पाच पुसला तेव्हा आधी मला हायसं वाटलं. राग नंतर आला, रडू त्याच्याही नंतर. सगळ्यात आधी हायसं. आणखी सात दिवस कुणीतरी बघणारं असेल, असं. पोटच्या पोरीचं घरी जाणं लांबलं आणि आईला हायसं वाटलं, हे मी कुणाला सांगू? आईला नाही सांगितलं. ती आल्यागेल्याला "या आठवड्यात येतोय" सांगून बसली आहे.

आणि मग दुसरा विचार, त्याहून वाईट. हात तिच्यासाठी गेला की माझ्यासाठी?

पूर्वी नुसतं वजन बघायचे म्हणे, ठरलेला आकडा गाठला की सोडायचे. आता तसं नाही. ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीबाहेर साध्या कपड्यांत अंग गरम राहिलं पाहिजे. ते तिला १२ दिवसांपूर्वी जमलं. नळीशिवाय सगळं दूध तोंडानं प्यायला हवं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एका लयीत बसायला, पोटातले दिवस धरून, साधारण ३४ आठवडे उजाडावे लागतात. त्याआधी ती दोन घोट प्यायची आणि दमून निळसर व्हायची. आता दोन्हीकडचं पिते, वर चुळबुळ करते. वजन रोज २५-३० ग्रॅमनं वाढतंय. डोळे तपासून झाले, कान झाले. उरला तो श्वास.

"कमी दिवसांची बाळं श्वास घ्यायला विसरतात," असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. २० सेकंदांहून जास्त थांबला किंवा थांबल्यावर ठोके पडले, तर ते विसरणं. मेंदूतली ती जागा अजून कच्ची असते. पिकायला औषध नाही, दिवस जावे लागतात. कॅफिन देत होते ते नुसतं आठवण करून द्यायला. तेही अंगातून सावकाश उतरतं, म्हणून बंद केल्यावरही लगेच विश्वास ठेवत नाहीत. सात दिवस कोरे जायला हवेत. म्हणजे तयार आहे की नाही हे ती काय करते यावर ठरत नाही, ती काय करत नाही यावर ठरतं. न घडलेल्या गोष्टीची वाट बघत बसायचं. त्याचं माझ्या डोक्यावर काय झालंय ते मला काल कळलं: मी तिच्याकडे बघतच नव्हते, पडद्याकडे बघत होते.

बाळाला कांगारूसारखं उघड्या छातीशी धरून बसायची एक खुर्ची आहे, तिच्यासमोर भिंतीवर माहिती लावली आहे. १९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या रुग्णालयात पेट्या कमी पडायला लागल्या तेव्हा बाळं आयांच्या छातीला बांधायला सुरुवात केली, आणि बाळं तशीच बांधून त्या लवकर घरीही जायच्या. रोज वाचते. पूर्वी वाटायचं, किती छान. काल वाटलं, त्या आया रात्री झोपायच्या कशा? वाजणारं काही नाही, आकडे नाहीत, फक्त छातीवरचं वजन.

रात्रपाळीच्या सिस्टरना शेवटी विचारलंच. हायसं वाटलं ते नाही सांगितलं, फक्त हाताचं सांगितलं. त्या नळ्या आवरत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "हात जाणारच हो. पण आधी तोंड बघायचं, मग मॉनिटर. ओठ गुलाबी असले तर तिला एक संधी द्यायची. निळे दिसले तर थांबायचं नाही." मग जरा थांबून, "आणि घरी मॉनिटर नसतो, माहीत आहे ना? जायच्या आधी दोन रात्री आईच्या खोलीत देतो, वायरी काढून. सगळ्या आया पहिल्या रात्री जाग्याच असतात."

सगळ्या. हे ऐकून का कोण जाणे, छातीतलं काहीतरी सैल झालं. मी काही वेगळी नव्हते तर. हायसं वाटणं हीसुद्धा तयारी नसण्याचीच खूण असेल, जशी तिची ती ६८. तिचे सात दिवस मोजतायत. माझे कुणी मोजत नाही, पण बहुधा मलाही लागणार आहेत. हात का गेला हे मात्र अजून सुटलेलं नाही. कदाचित दोघींसाठी गेला असेल.

आज दुपारी खुर्ची फिरवून घेतली, मॉनिटरकडे पाठ. चिऊला आडवी धरली, तोंड दिसेल अशी. पिता पिता मध्येच थांबली. दूध ओठाच्या कोपऱ्यात साचलं. माझा हात उचललेला तसाच हवेत. ओठ बघितले. गुलाबी. नाकपुडी हलली. एक घोट गिळला, एक लांब श्वास घेतला आणि पुन्हा ओढायला लागली.

पाठीमागे काहीच वाजलं नाही. संध्याकाळी सिस्टरनी शून्य पुसून १ लिहिला.