गोड्या पाण्याचा समुद्र

काल आई-बाबांना घेऊन मिलवॉकीहून मॅनिटोवॉकला गेलो. मिशिगन सरोवराच्या काठाने जेमतेम दीड तासाचा रस्ता. इतकी वर्षं विस्कॉन्सिनमध्ये राहून आपण इथे कधी आलो नाही, याची मनापासून हळहळ वाटली.

दुसऱ्या महायुद्धात या छोट्याशा गावाने 28 पाणबुड्या बांधल्या! नदी अरुंद, म्हणून पाणबुडी कुशीवरून, आडवी पाण्यात सोडायची. पुढे तरंगत्या गोदीत बसवून मिसिसिपीतून न्यू ऑर्लीन्सपर्यंत. त्यातल्या 4 युद्धात बुडाल्या. सागरी संग्रहालयात 'कोबिया' ही पाणबुडी आत जाऊन पाहता येते (ती बांधलेली कनेक्टिकटची, पण त्याच काळातली). टॉर्पेडो ठेवायच्या जागीच, त्यांना खेटून खलाशांच्या झोपायच्या खाटा. बाबांनी एका खाटेच्या कडेवर हात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. "वीस-बावीस वर्षांची पोरं असतील रे," एवढंच बोलले.

गावात उत्तर आठव्या रस्त्याच्या मधोमध एक पितळी कडं बसवलंय. 1962 च्या सप्टेंबरमध्ये स्पुतनिक-4 या सोव्हिएत अंतराळयानाचा सुमारे 9 किलोचा तुकडा नेमका तिथे पडला होता.

संध्याकाळी टू रिव्हर्सजवळ रॉली पॉइंटच्या पांढऱ्या दीपगृहापाशी गेलो. आई मालवणची. लाटा बघून साडी सावरत सरळ पाण्यात शिरली, ओंजळ तोंडाला लावली आणि तिथूनच ओरडली, "अरे, गोडं आहे रे हे!"

अंधार पडेपर्यंत ती बाहेर आलीच नाही.