सांबुरूंच्या मुलखात: हत्तीची पिल्लं आणि शेळीचं दूध

केनियातल्या नैरोबीहून इसिओलो, तिथून आर्चर्स पोस्ट, इथवर रस्ता डांबरी. पुढे नामुन्याक या राखीव भागाकडे वळलं की धूळ आणि गचके. साधी गाडी नेऊ नका, फोर-व्हील ड्राइव्हच घ्या.

तिथलं रेतेती हे अनाथ हत्तींचं पाळणाघर 2016 साली सुरू झालं. सांभाळणारे सांबुरू, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणारे लोक. नदीच्या कोरड्या पात्रात हातानं खणलेल्या विहिरींत पिल्लं पडतात, काही दुष्काळात कळपापासून तुटतात. त्यांना इथे बाटलीनं पाजतात. आधी पावडरचं दूध असायचं, आता आसपासच्या बायका शेळीचं दूध आणून विकतात. हत्ती गोड आहेतच, पण मला हा व्यवहार जास्त आवडला. सांबुरूंत गुरं पुरुषाची, दुधाचा कारभार बाईचा. त्यामुळे पैसा थेट तिच्या हाती पडतो. सगळं गोडच आहे असंही नाही. राखीव भागातल्या चराईच्या बंधनांवरून उत्तर केनियात तंटे चालू आहेत. कळप घेऊन पाण्यामागे फिरणाऱ्याला कुंपण कसं पटावं? आपल्या धनगरांना विचारा.

आर्चर्स पोस्टजवळचं उमोजा मात्र वेगळं प्रकरण. अत्याचार सोसलेल्या, घराबाहेर काढलेल्या 15 बायकांनी रिबेका लोलोसोली यांच्या पुढाकारानं 1990 मध्ये वसवलेलं हे गाव. पुरुषाला इथे राहता येत नाही. स्वागताची गाणी ठरलेली आहेत, ते लपत नाही. मणीमाळा घ्याच, असा आग्रहही होतो. सुरुवातीला मी वैतागले. मग कळलं, याच माळांवर गाव चालतं आणि पोरं शिकतात. तेवढ्यात माझ्याकडे फक्त मोठ्या नोटा निघाल्या आणि सुटे कुणाकडेच नाहीत! सुटे शिलिंग नैरोबीतच करून घ्या. तिथे सगळे एम-पेसा (मोबाइलवरून पैसे देण्याची सोय) वापरतात, पण त्याला स्थानिक सिम लागतं.

निघण्याआधी: पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी टोचून घ्या आणि दाखला जपा, कारण परत येताना तो भारतात विचारतात. व्हिसाऐवजी आता ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावी लागते. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर 2017 पासून बंदी आहे, तेव्हा लाडू-चिवडा डब्यात न्या. शाकाहारींना गिथेरी (मका आणि घेवडा) नि चपाती बहुतेक ठिकाणी मिळते. रेतेतीला पाजण्याच्या वेळेसाठी आधी नोंदणी लागते. आणि फोटोआधी 'सुपा' (नमस्कार) म्हणून विचारा. मी न विचारता कॅमेरा उचलला, तर एका आजीनं सरळ पाठच फिरवली.