तिसऱ्यांची वाढ: कॅल्सीनची दुसरी खूण

तिसऱ्या (खाडीतले शिंपले) किती वाढतात ते मोजायला त्यांच्या शिंपल्यात कॅल्सीनची, म्हणजे निळ्या उजेडात पोपटी चमकणाऱ्या रंगाची, खूण करतोय. पौर्णिमेला पहिली खूण केली होती, पुढच्या पौर्णिमेला दुसरी. दोन्ही शिंपल्यात उमटल्यात. खाडीतल्या टोपलीतल्या तिसऱ्यांनी टाकीतल्यांना साफ मागे टाकलंय.

माप सगळे विचारतात म्हणून आधी तेच: गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्सीन. पूड साध्या पाण्यात विरघळायला कटकट करते. थोड्या पाण्यात खायचा सोडा घालून आधी ती विरघळवा, मग मोठ्या भांड्यात ओता आणि पीएच ८ च्या जरा वरच आहे ना, ते बघा. भांडं एक दिवस-रात्र अंधारात ठेवायचं, हवेचा पंप चालू. तिसरी मिटून बसली तर सगळं फुकट. नळ्या बाहेर काढून पाणी ओढायला लागली, की रंग प्रावरणाच्या (शिंपला घडवणाऱ्या आतल्या पातळ पडद्याच्या) कडेला पोचतो, तिथल्या कॅल्शियमला धरतो आणि नव्या थराबरोबर कायमचा गाडला जातो. (या तिसऱ्या खायच्या नाहीत. भांड्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, कारण आमच्या घरी तिसऱ्या दिसल्या की खोबरं किसायला घेतात.)

शिंपला ॲरल्डाइटमध्ये बसवून सांध्यापासून कडेपर्यंत उभा कापला आणि वॉटर पेपरवर २००० नंबरपर्यंत घासला. निळा एलईडी आणि कॅमेऱ्यापुढे नारिंगी फिल्टर लावला, की कडेच्या आत पोपटी रेघ लख्ख दिसते. यूव्ही टॉर्च घेऊ नका, तिने बाहेरची सालही चमकते आणि रेघ त्यात हरवते. हे फोटो आधी काढून ठेवायचे. मगच, वाढीच्या बारीक रेषा मोजायला, पातळ आम्ल लावून ॲसिटेट शीटवर ठसा घ्यायचा, कारण आम्लाने वरचा थर जातो आणि त्याबरोबर रंगही.

आता खरी गंमत. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणजे पौर्णिमा ते पौर्णिमा ५७ भरत्या. दर ओहोटीला एक, अशा दोन पोपटी रेघांच्या मधे तेवढ्या बारीक रेषा मिळायला हव्यात. टोपलीतल्या शिंपल्यांत उधाणाच्या (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवसांतल्या रेषा ठळक आहेत, सहज मोजता येतात. भांगाच्या (अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं त्या) दिवसांतल्या मात्र इतक्या फिकट, की मोजणी दर वेळी ५७ च्या आतच थांबते. माझ्या मते दोष जागेचा आहे: टोपली बांधली तिथे भांगाच्या ओहोटीला पाणी उतरतच नाही. तिसरी उघडी पडली की मिटते, वाढ थांबते आणि रेष पडते. सतत पाण्यातच राहिली तर रेष कशाची पडणार? टाकीतल्यांचं तेच झालंय. त्यांच्यात दोन खुणांमधली जागा अरुंद, आणि रेषा नुसत्या धूसर.

पुढची टोपली किनाऱ्याकडे जरा वर बांधतोय, म्हणजे भांगालाही उघडी पडेल. तिसरी खूण अलिझरिन रेडची करणार, लाल रंगामुळे कुठली खूण कधीची यात गोंधळ होणार नाही. हे पावसाआधीच उरकायला हवं, एकदा खाडीत गोडं पाणी भरलं की तिसऱ्या मिटून बसतात.